इको नॉर्मल, तरी छाती भरते. आधी सीटी की थेट अँजिओग्राफी?

बोरीकाठ (अमळनेर):
वडील ६१ वर्षांचे, शुगर १० वर्षांपासून. दोन महिने झाले, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कपाशीत चालले की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. बांधावर टेकले की पाच मिनिटांत उतरतं. विचारलं की एकच उत्तर, "माले काही व्हयेल नही." ईसीजी साफ, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) साफ, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ६०. फिजिशियन म्हणतात सीटी अँजिओ (तार न घालता हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन) करा, मग बघू. काका म्हणतात तुकड्यातुकड्याने पैसे कशाला घालता, हातातून तार घालून अँजिओग्राफी करा, एकदाच सोक्षमोक्ष लावा.
मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी मामा टेबलावर असताना आम्हाला काचेबाहेर उभं करून स्क्रीनवर एक काळी वळवळती रेघ दाखवली होती. "इथे ८० टक्के आहे, आत्ताच स्टेंट टाकू का?" पाच मिनिटांत सही घेतली. ती रेघ मला आजही कळलेली नाही.

धडगाववाला:
अमळनेरला रेल्वे आहे म्हणून हे सुचतं भाऊ. आमच्याकडून सुरत गाठायची म्हणजे घाट, मुक्काम, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणार ती वेगळी. सीटीत अडथळा दिसला तर पुन्हा अँजिओग्राफी करायचीच ना? म्हणजे दोनदा डाय (नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध), किडनीवर दोनदा भार, दोनदा गाडीभाडं. माझ्या सासऱ्यांची टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) निगेटिव्ह आली, सगळे निर्धास्त झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात अटॅक. त्रास स्पष्ट आहे, शुगर आहे, मग थेट मुळावर जा.

लॅबवाली_भुसावळ:
११ वर्षं कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) काढली, म्हणून लिहिते. आधी एक गैरसमज. इको नॉर्मल म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या, असं नसतं. इकोत स्नायू किती जोराने आवळतो आणि झडपा कशा आहेत ते दिसतं. ब्लॉक दिसत नाही. बसल्या जागी ईएफ ६० असणारा माणूस शेतात दम टाकू शकतो.
धडगाववाल्या दादांच्या सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं. पण टीएमटी सांगते ती श्रमाला रक्त कमी पडतं का एवढंच, आणि तेही दरवेळी पकडत नाही. अटॅक कित्येकदा नळीच्या भिंतीतल्या चरबीच्या लहानशा गाठीचं कवच फुटून येतो. तशी गाठ सीटीत दिसू शकते, टीएमटीत नाही. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ लोकांवर झालेला अभ्यास २०१८ साली आला. नेहमीच्या उपचाराला सीटीची जोड दिलेल्यांत पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक २.३ टक्के, न दिलेल्यांत ३.९. सीटीने कोणाला बरं केलं नाही. गाठ दिसल्यावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) आणि ॲस्पिरिन वेळेत सुरू झाल्या, हे त्यामागचं मोठं कारण मानतात.
पण शुगरच्या जुन्या पेशंटमध्ये नळ्यांत कॅल्शियम खूप साचलेलं असलं तर सीटीत तो भाग फुगून दिसतो आणि ५० चा ब्लॉक ७० वाटतो. काकांचा मुद्दा तिथे अगदीच फोल नाही.

धडगाववाला:
म्हणजे शेवटी तारच!

लॅबवाली_भुसावळ:
काहींना, हो. पण तार घातली की स्टेंट पडलाच पाहिजे, असं नाही. २०२० मध्ये छापून आलेल्या इस्किमिया नावाच्या अभ्यासात ५,१७९ पेशंट होते. स्थिर आजारात आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करणाऱ्यांचे आणि आधी गोळ्यांवर राहणाऱ्यांचे मृत्यू-अटॅक जवळपास सारखेच निघाले. छातीचा त्रास मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला. आता फुशारकी नको म्हणून हेही सांगते: हृदयाच्या मुख्य डाव्या नळीत मोठा ब्लॉक असलेले आणि ईएफ ३५ च्या खालचे त्यात घेतलेच नव्हते. बहुतेकांची सीटी करून आधी ती नळी तपासली होती.
मामांच्या वेळी विचारायचा प्रश्न होता, एफएफआर (ब्लॉकपाशी दाबाची तपासणी) केलं का? ८० हा डोळ्यांचा अंदाज असतो. तारेने ब्लॉकच्या आधीचा आणि पुढचा दाब मोजला आणि पुढचा आधीच्याच्या ०.८० पट किंवा खाली आला, तर तो ब्लॉक रक्त अडवतोय.

शहाद्याचे_गुरुजी:
मला तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, तेव्हा ईएफ ३० होता. गोळ्यांवर तीन महिन्यांनी पुन्हा इको केला तर ४२. त्या एका आकड्यामुळे छातीत बसवायचं शॉकचं यंत्र टळलं. इको मला प्रिय आहे. पण दरवर्षी "हार्ट पॅकेज"च्या नावाखाली सीटी करा सांगणाऱ्यांना मी हात जोडतो. त्रास नाही तर कशाला?

धडगाववाला:
गुरुजी, तुम्ही शहाद्यासारख्या मोठ्या गावात राहता. बरं, बोरीकाठ, मी माझ्या मतावर कायम आहे. पण वडिलांना बसल्या बसल्या दुखलं, घाम सुटला, तर सीटी-बिटी विसरा, ईसीजी निघेल अशा जवळच्या दवाखान्यात पळवा. सासऱ्यांच्या वेळी आम्ही गॅस म्हणून तासभर ओवा चावत बसवलं होतं.

बोरीकाठ:
सीटी गुरुवारी ठरली. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१ आहे, शुगरची गोळी थांबवायची का ते डॉक्टरांना विचारतो. नाडी साठच्या आसपास यावी म्हणून एक गोळी दिलीय, आणि आदल्या रात्रीपासून चहा बंद सांगितलाय. वडिलांनी सीटीला होकार दिला, चहावर अजून बोलणी चालू आहेत.