पोरगा अभ्यासाला गेमचं संगीत लावतो (लातूरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०२ काकू: नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं. आमचा धाकटा नीटची तयारी करतोय. क्लासवरून आला की कानात हेडफोन घालून बसतो. गाणी ऐकतो का म्हणून विचारलं तर म्हणे, "आई, गेमचं म्युझिक आहे." चोरून गेम खेळतोय का म्हणून मागून जाऊन बघितलं. समोर बायोलॉजीचंच पुस्तक. तरी मनाला पटंना. तुमच्याकडं पोरं असं करतात का?

सी-२०१ ताई: आमची पण करते काकू. बारावीपासून सवय आहे.

बी-३०४ भैय्या: काकू, अजिबात काळजी करू नका. गाणं लावलं की शब्द येतात आणि पोरगं वही सोडून शब्दांच्या मागं जातं. गेमचं संगीत बहुतेक बिनशब्दांचं असतं. आणि ते लिहिलेलंच असतं एका जागी डोकं लावून बसलेल्या माणसासाठी. तासभर कानावर पडलं तरी कंटाळा आला नाही पाहिजे, आणि हातातल्या कामावरून लक्षही उडालं नाही पाहिजे. दोन्ही एकदम साधणं फार अवघड आहे. मी ऑफिसचं कामसुद्धा तेच लावून करतो.

ए-१०२ काकू: कोणतं ऐकत असंल तो?

बी-३०४ भैय्या: माइनक्राफ्टचं असणार. सी-फोर-एटीन या नावानं लिहिणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराचं आहे. सावकाश पियानो, मागं हलकेच धुक्यासारखे सूर. त्या गेममध्ये संगीत सतत वाजतच नाही. बराच वेळ काहीच नसतं, आपण खोदत असतो, बांधत असतो, आणि मग न सांगता एखादी धून सुरू होते. २०११ ला त्याचा अल्बम आला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला.

ए-००३ अप्पा: भैय्या, तुम्ही लोक काय ऐकलालाव ते मला कळू द्या. मी भजनी मंडळात पेटीवर जन्म काढला. गेमचा आवाज म्हणजे टुंगटुंग, टुंगटुंग. तेच फिरून फिरून येतं. त्याला संगीत म्हणायचं का? रागाला बढत असते. कलाकार एकच सूर घोळवतो, त्यातून नवं काढतो. यंत्रात उपज कुठून येणार?

बी-१०१ काका: अप्पा, ते टुंगटुंग कसं व्हायचं ते सांगतो, माझा इलेक्ट्रॉनिक्सचाच धंदा. नव्वदच्या दशकात घरोघरी कॅसेटवाला टीव्ही गेम होता, आठवतो का? ती मूळच्या जपानी मशीनची नक्कल. त्या मशीनच्या चिपमध्ये आवाजाच्या फक्त ५ वाटा. दोन वाटांवर चाल वाजायची, तिसरीवर खालचा खर्ज, चौथीवर नुसता खरखराट, त्याचाच ताल करायचा. पाचवीवर रेकॉर्ड केलेला छोटा तुकडा. बस. आणि गंमत बघा, उडीचा, नाण्याचा आवाजही ह्याच वाटांवरून जायचा. नाणं मिळालं की तेवढ्यापुरता तिथला सूर गायब. कान देऊन ऐकलं तर कळतं. एवढ्याशा जागेत कोजी कोंडोनं १९८५ ला मारिओची चाल बसवली. कमी सुरांत जे सांगायचं ते नेमकं सांगावं लागायचं, म्हणून त्या काळच्या चाली इतक्या गुणगुणता येतात.

सी-२०१ ताई: मारिओची ती चाल २०२३ मध्ये त्याच लायब्ररीच्या यादीत गेली, गेमचं संगीत म्हणून पहिली.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. टँकर उद्या सकाळी ७ ला येणार आहे. ए विंगच्या लोकांनी खालची गाडी काढून ठेवावी. चर्चा चालू द्या.

बी-३०४ भैय्या: अप्पा, तुमच्या उपजेच्या मुद्द्यावर येतो, कारण माझ्या मते सगळं तिथंच आहे. सिनेमाचं संगीत लिहिणाऱ्याला माहीत असतं, नायक कितव्या मिनिटाला दार उघडणार. गेमवाल्याला माहीत नसतं. तुम्ही दारासमोर दोन सेकंद थांबाल नाहीतर चहा प्यायला उठून जाल. त्यामुळं संगीताला तुमची वाट बघावी लागते. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. चारच उतरते सूर, फिरून फिरून. पण शत्रूची रांग जशी कमी होत खाली सरकते, तशी लय वाढत जाते. खेळणाऱ्याच्या छातीचे ठोके त्यासोबत वाढतात. मारिओत घड्याळाचे १०० उरले की चाल धावायला लागते. आणि १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये योशी नावाच्या प्राण्यावर बसलात की चालू असलेल्या त्याच चालीत बोंगो मिसळतो. खाली उतरलात की बोंगो बंद. चाल कुठंही तुटत नाही. म्हणजे वाजवणारा तुमच्या हाताकडं बघून वाजवतोय.

ए-००३ अप्पा: हे मात्र पटण्यासारखं आहे. गोंधळात संबळवाला असाच गोंधळ्याच्या तोंडाकडं बघून वाजवतो. कथेत लढाई आली की हात चढतो, देवीची विनवणी आली की उतरतो. कथा किती लांबणार ते त्यालाही ठाऊक नसतं.

बी-३०४ भैय्या: अप्पा, हेच, हेच म्हणायचं होतं मला.

ए-००३ अप्पा: पण थांब. संबळवाला माणूस आहे, तो मनानं एखादा तुकडा जास्तीचा टाकतो. ह्यात आधी बसवून ठेवलेलंच वाजणार. बढतीचा प्रश्न तसाच राहतो.

बी-३०४ भैय्या: राहतो. तेवढं मान्य.

सी-२०१ ताई: प्रत्येकाची आवडती धून कोणती ते टाका ना. माझी सांगते. जर्नी, २०१२ चा. वाळवंटातून एकटा प्रवासी डोंगराकडं चाललाय, संवाद एकही नाही. ऑस्टिन विन्टरीचं संगीत, त्यात चेलो हे वाद्य म्हणजे तो प्रवासी. सुरुवातीला एकटा चेलो आणि शेवटाकडं सगळा वाद्यवृंद त्याच्याभोवती. चित्रपट आणि मालिकांच्या संगीताच्या रांगेत ग्रॅमीचं नामांकन मिळालेलं ते पहिलं गेम-संगीत. मी शेवटाला रडले होते, खरंच.

बी-१०१ काका: माझं जुनंच. कॉन्ट्रा. पहिल्या टप्प्याचं संगीत वाजलं की अजून हात शिवशिवतात.

ए-२०४ वहिनी: मी गेम खेळत नाही, पण टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, २३ जुलै २०२१ ला, सगळ्या देशांचे खेळाडू आत येत होते तेव्हा मागं जे वाजत होतं ते सगळं जपानी गेमचं होतं, हे भावानं सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. ड्रॅगन क्वेस्ट, फायनल फँटसी अशी नावं सांगितली त्यानं. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आले तेही त्याच संगीतावर. परत बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

बी-३०४ भैय्या: माझी धून सांगायला जरा जागा घेतो. स्टारड्यू व्हॅली. शेतीचा गेम. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं एकट्यानं केला. चित्रं त्याची, प्रोग्रामिंग त्याचं, संगीतही त्याचंच. चार ऋतू, प्रत्येक ऋतूच्या वेगळ्या धुना. वसंतात उड्या मारणारी चाल, हिवाळ्यात गोठलेले, मोजके सूर. रोज सकाळी उठायचं, झारी घ्यायची, एकेका रोपाला पाणी घालायचं.

आणि ज्या दिवशी पाऊस पडतो त्या दिवशी धून वाजतच नाही. नुसता पावसाचा आवाज. त्या दिवशी पिकाला पाणी घालायचं नसतं, झारी घरातच ठेवायची. हा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. एप्रिलमध्ये मिरजेहून आपल्या स्टेशनात पाण्याची रेल्वे आली होती. मी तेव्हा कॉलेजात. घरी घागरी मोजून पाणी वापरायचो, आणि रात्री लॅपटॉपवर त्या शेतात पावसाचा आवाज आला की झारी ठेवून नुसता ऐकत बसायचो. बनवणारा अमेरिकेतला, लातूर त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण पाऊस आल्यावर बाकी सगळं थांबवायचं, एवढं त्याला कळलं होतं. संगीत कुठं वाजवायचं हे पुष्कळांना येतं. कुठं काढून घ्यायचं हे ज्याला येतं तो मला मोठा वाटतो.

ए-१०२ काकू: भैय्या, वाचून डोळ्यात पाणी आलं. ते वर्ष नको परत.

ए-२०४ वहिनी: 🙏

सी-३०२ भाऊ: आपल्याकडचं काही आहे का? सगळं जपान-अमेरिकाच चाललंय.

सी-२०१ ताई: आहे. राजी, २०२० चा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केला. बहीण धाकट्या भावाला शोधत निघते. संगीतात आपली वाद्यं आहेत. असे अजून व्हायला पाहिजेत. आपल्याकडं संबळ आहे, हलगी आहे, तुणतुणं आहे. एखाद्या गेममध्ये हलगी वाजली तर काय होईल विचार करा.

ए-००३ अप्पा: मला दोन-तीन पाठवा. शब्द नसलेलं एक आणि शब्द असलेलं एक.

बी-३०४ भैय्या: शब्दांचं म्हणून 'बाबा येतू' पाठवतो अप्पा. ख्रिस्तोफर टिन या संगीतकारानं सिव्हिलायझेशन ४ या २००५ च्या गेमसाठी केलं. स्वाहिली भाषेतली प्रार्थना आहे. २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, गेमसाठी लिहिलेल्या रचनेला मिळालेलं पहिलं. आणि बिनशब्दांची टेट्रिसची चाल. ती मुळात रशियन लोकगीत आहे, फेरीवाल्यांचं. १९८९ च्या गेमबॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर, हिरोकाझू तानाकांनी बसवली.

ए-००३ अप्पा: ऐकलं. पहिलं तर सरळ भजनच आहे. एकानं उचलायचं आणि सगळ्यांनी झेलायचं. भाषा कळली नाही, तरी हात जोडावे वाटले.

दुसरं पेटीवर काढून बघितलं. गंधार कोमल.
प – रे ग म – ग रे
सा – सा ग प – म ग
रे – – ग म – प –
ग – सा – सा

पुढं वर जाताना धैवत आणि निषाद पण कोमल लागतात. आसावरी थाटाचे स्वर झाले की! राग म्हणत नाही मी, चलन तसं नाही. पण थाट तोच. रशियातल्या फेरीवाल्याचं गाणं जपानी माणसानं खेळात घातलं, आणि लातूरला माझ्या पेटीवर बोटं न अडखळता निघालं. हे टुंगटुंग नाही. आधी बोललो ते मागं घेतो. बढतीचं मात्र मागं घेत नाही.

बी-१०१ काका: वा अप्पा! मूळ पट्टी पांढरी सहा आहे बरं का.

ए-१०२ काकू: मी पोराला विचारलं. माइनक्राफ्टच निघालं. एक कान मला दिला आणि आम्ही दोघांनी थोडा वेळ ऐकलं. त्याला म्हणलं ऐक, पण आवाज कमी ठेव आणि मधून मधून हेडफोन काढत जा. कान आयुष्यभर पुरवायचेत.

सी-२०१ ताई: गणपतीच्या कार्यक्रमात पोरांना एक आयटम देऊ या का? माझी मुलगी कीबोर्डवर टेट्रिस वाजवते. अप्पा, तुम्ही पेटीवर साथ द्याल?

ए-००३ अप्पा: देतो. पण नुसतं जसंच्या तसं नको. पोरीनं चाल धरायची, मी मधे दोन आवर्तनं बढत करणार, मग परत चाल. तबल्याला सी-३०२ भाऊ बसतील, केरवा धरा.

सी-३०२ भाऊ: बसतो अप्पा. शेवटाला लय चढवायची का, गेमसारखी?

ए-००३ अप्पा: चढवू, पण पोरीच्या हाताकडं बघून. तिला पांढरी सहा नीट जमते का काळी दोनमध्ये घेऊ, तेवढं विचारून सांगा. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बसू, सेक्रेटरींनी एक लाईट चालू ठेवावी.