मुकादमासमोर दिलेले उत्तर आणि चुलीपाशी दिलेले उत्तर: संशोधनात कोणते धरावे?

गोदाकाठची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी नाशिकमध्ये राहते आणि समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून दिवाळीच्या पुढेमागे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांवर मी लघुप्रबंध लिहीत आहे. गावाकडचे भात आणि नागली पदरात पडली की ही कुटुंबे टोळीने निघतात आणि त्यांतली बरीचशी होळीला परततात. त्यांची मजुरी, घेतलेली उचल आणि गावातच रोजगार हमीचे काम मिळाले तर स्थलांतर कमी होते का, एवढाच माझा विषय आहे.

पहिल्या आठवड्यात मी तीन बागांवर ३८ जणांच्या मुलाखती घेतल्या. रोजची मजुरी किती, या प्रश्नाला ३८ जणांनी एकच आकडा सांगितला. मुकादम जवळच उभा होता. संध्याकाळी झोपडीपाशी एक बाई भाकरी थापत असताना मी सहज बसले, तेव्हा त्या म्हणाल्या की उचल फिटेपर्यंत हातात काही येत नाही, आणि नवऱ्याची व त्यांची मजुरी एकाच नावावर मांडली जाते. हे त्यांनी दुपारी सांगितले नव्हते. गावाकडच्या महिन्यांबद्दल विचारले तर बहुतेक बायकांनी ‘काही काम नसते, घरीच असते’ असे उत्तर दिले, आणि मी प्रश्नावलीत तसेच लिहून घेतले.

घरी आल्यावर मामांनी, ज्यांची स्वतःची तीन एकर बाग आहे, विचारले की हे तर आम्हाला आधीपासून माहीत आहे, मग शे-सव्वाशे माणसांना विचारून तू नवीन काय सिद्ध करणार? मला उत्तर देता आले नाही. एकाच बाईने दोन वेळा दोन उत्तरे दिली तर खरे कोणते धरायचे, आणि अशा सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या अभ्यासाला शास्त्र कशाच्या आधारावर म्हणायचे, हे कृपया समजावून सांगावे.

जुना_गंगापूर_नाका

तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या सामग्रीवर शंका घेणारे विद्यार्थी मला तीस वर्षांच्या अध्यापनात फार थोडे भेटले. दोन्ही उत्तरे ठेवा. प्रत्येक उत्तरापुढे ते कुठे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखत दिले गेले, याची नोंद करा. ३८ जणांनी एकच आकडा सांगितला, यातून मजुरीबद्दल फारसे कळत नाही. मुकादमासमोर काय बोलायचे असते याविषयी मात्र पुष्कळ कळते, आणि तुमच्या विषयात मुकादमाचे वजन हीच मोठी गोष्ट आहे.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने उत्तर बदलते, हा अनुभव केवळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला येत नाही. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही तो आलेला आहे. कुटुंबाने गेल्या ३० दिवसांत खाण्यापिण्यावर किती खर्च केला, असे ही पाहणी वर्षानुवर्षे विचारत असे. नव्वदच्या दशकात प्रयोग म्हणून काही कुटुंबांना ३० दिवसांचा आणि काहींना ७ दिवसांचा खर्च विचारला गेला, तेव्हा ७ दिवसांच्या हिशेबाने खर्च इतका जास्त निघाला की त्या आकड्यांवरून देशातील गरिबांचे प्रमाण जवळजवळ निम्मे दिसू लागले. पुढे १९९९-२००० च्या फेरीत एकाच कुटुंबाला दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी विचारले गेले, आणि ती उत्तरे एकमेकांच्या जवळ आली, कारण एका प्रश्नाचे उत्तर दिल्यावर माणूस दुसरे उत्तर त्याच्याशी जुळवून सांगतो. परिणामी त्या फेरीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी थेट ताडून पाहता येईनात आणि गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला. कोट्यवधी माणसे रेषेच्या वर की खाली, हे ‘३०’ आणि ‘७’ या दोन आकड्यांवर अडले होते. हे असे आहे हे मोजून, तपासून, छापून सांगता येते आणि दुसऱ्याला ते पुन्हा पडताळता येते, म्हणूनच मी या अभ्यासाला निःसंकोच शास्त्र म्हणतो.

रोजगार हमीबद्दलच्या तुमच्या प्रश्नात मात्र मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या गावात कामे निघाली तिथून किती लोक गेले आणि जिथे निघाली नाहीत तिथून किती गेले, अशी सरळ तुलना केलीत तर कदाचित कामे निघालेल्या गावांतूनच जास्त स्थलांतर झालेले दिसेल. त्यावरून योजनेमुळे स्थलांतर वाढते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण मुळात जिथे गरज आणि मागणी जास्त, तिथेच कामे निघण्याचा संभव अधिक असतो. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. देशाचा कायदा २००५ साली झाला आणि तो २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, पुढच्या वर्षी आणखी १३० जिल्ह्यांत आणि २००८ मध्ये उरलेल्या जिल्ह्यांत लागू झाला. हा क्रम मागासलेपणावर ठरलेला असल्यामुळे संशोधकांनी जिल्ह्यांची नुसती स्थिती न ताडता प्रत्येक जिल्ह्यात आधी आणि नंतर किती बदल झाला ते पाहिले, आणि तो बदल योजना उशिरा मिळालेल्या जिल्ह्यांतील बदलाशी लावून पाहिला. तुमच्या आवाक्यात एवढे नक्की आहे: चार गावे निवडा, दोन कामे निघालेली आणि दोन न निघालेली, आणि प्रत्येक कुटुंबाला या वर्षाबरोबर कामे निघण्याआधीच्या एका वर्षाबद्दलही विचारा. आधीचे वर्ष आठवायला एखादी ठळक खूण द्या, घरातले लग्न किंवा पाऊस फार लांबलेला हंगाम. चार गावांवरून जिल्ह्याबद्दल विधान करू नका, त्या चार गावांबद्दल नेमके बोला.

दिंडोरी_बागाईतदार

माझी स्वतःची बाग आहे, त्यामुळे ताईंच्या मामांना मी माझ्या पद्धतीने उत्तर देतो. आपण पानदेठ परीक्षण करतो तेव्हा सगळ्या बागेची पाने प्रयोगशाळेत नेत नाही. ठरावीक वाढीच्या टप्प्यावर, ओळींमधून नागमोडी फिरून, बांधाकडच्या वेली सोडून, ठरलेल्या जागेचेच पान काढतो, आणि त्या थोड्या देठांच्या अहवालावर पूर्ण बागेला खत देतो. कोणी एकाच वेलीची पाच पोती पाने नेली तरी त्या अहवालाला कोणी विचारणार नाही. माणसे शंभर आहेत की हजार, यापेक्षा ती बागेच्या कोणकोणत्या भागातून आली हे मामांनी विचारायला हवे. मला ताईंच्या अभ्यासात उणीव दिसते ती इथे. तिन्ही बागा रस्त्याकडेच्या, ओळखीच्या असतील तर तो बांधाकडच्या वेलींचा नमुना झाला.

‘आम्हाला माहीत आहे’ याबद्दलही लिहितो, कारण मीही तेच म्हणत असे. माझ्याकडे सात वर्षे येणाऱ्या टोळीतल्या माणसांवर किती उचल आहे हे मला माहीत नव्हते. मी पैसे मुकादमाकडे देतो, हिशेब तो करतो. मजूर पळून गेला की आम्ही त्याला दोष देतो, पण मधल्या हिशेबात काय झाले हे विचारायला कधी थांबत नाही. कोणी ते नीट मांडून दाखवले तर शेतकऱ्यालाही ते हवे आहे.

घरोघर_फिरणारी

मी अनेक वर्षे वेगवेगळ्या पाहण्यांसाठी प्रश्नावली भरून आणण्याचे काम केले आहे. ‘काही काम नसते, घरीच असते’ हे वाक्य मी हजारो वेळा ऐकले, आणि ते जसेच्या तसे लिहून घेणे ही आमच्या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. ही चूक सरकारलाही माहीत होती. म्हणून १९९१ च्या जनगणनेपासून कामाच्या प्रश्नात ‘शेतावरील किंवा कौटुंबिक उद्योगातील बिनमोबदला कामासह’ अशी स्पष्ट जोड दिली गेली. श्रमबल पाहणीत घरकामाला ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणारी ९२ मध्ये जाते, आणि घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला गोळा करणे, घरच्यासाठी शिवण वगैरे करणारी ९३ मध्ये. पुढचा प्रश्न न विचारता सगळ्यांना ९२ लिहिले की एका फटक्यात सगळे सरपण कागदावरून नाहीसे होते.

यावर मला सापडलेला उत्तम उपाय २०१९ च्या वेळवापर पाहणीत होता. तिथे तुम्ही काम करता का असे विचारतच नाहीत. काल पहाटे चार वाजल्यापासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केले, हे अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात. तिचे जे निष्कर्ष आले त्यांत घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. पाच तास काम करणारी बाई ‘काही काम नसते’ म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. ‘काम’ या शब्दाचा अर्थ तिच्याकडे पैसे मिळणारे काम असा पोचलेला असतो. ताई, तुम्ही त्या बायकांकडे पुन्हा जा आणि फक्त कालचा दिवस विचारा.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. २०११ च्या जनगणनेत माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि पुढच्या जनगणनेची आपल्याकडील संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे. फेब्रुवारीत तुमची कुटुंबे कुठे असतात, ते तुम्हीच लिहिले आहे. तालुक्याच्या लोकसंख्येचा आकडा प्रबंधात वापराल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

सुरगाण्याची_लेक

मी लहानपणी आईवडिलांबरोबर बागांवर राहिले आहे, म्हणून प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या समोरची बाजू मला ठाऊक आहे. सर्वांत आधी ‘रोजची मजुरी किती’ हा प्रश्न काढून टाका. छाटणी, विरळणी ही कामे बहुतेक वेळा एकराच्या हिशेबाने उक्ती घेतलेली असतात. रोजचा आकडा आमच्याकडे नसतोच, तो विचारल्यावर तयार केला जातो, आणि मुकादमाने सांगितलेला आकडाच सगळ्यांच्या तोंडात असणे स्वाभाविक आहे. किती एकर झाले, किती जण होतो, किती दिवस लागले, आठवड्याच्या बाजाराला खर्ची किती मिळाली आणि निघताना हातात किती आले, असे तुकड्यातुकड्याने विचारा आणि भागाकार तुम्ही करा. तेव्हा प्रत्येक झोपडीचा आकडा वेगळा येईल.

दुसरे, सहीचा कागद पुढे करू नका. संशोधनात लेखी संमती घ्यावी लागते हे मी पुढे शिकताना वाचले, आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण ज्या घरात उचल घेताना अंगठा दिलेला असतो, त्या घरात कागद आणि पेन दिसले की माणसे गप्प होतात. नाव लिहिणार नाही, उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका, हे तोंडी आणि आमच्या कोकणा बोलीत सांगा. बोली येत नसेल तर गावातली शिकलेली मुलगी सोबत घ्या, मुकादमाचा नातलग नको. तुमच्या मार्गदर्शकांकडून तोंडी संमतीची परवानगी आधी मिळवा.

आमच्या झोपडीत एकदा एक दादा मोठी वही घेऊन आले होते. आईने त्यांना दोन तास सगळे सांगितले, अगदी माझा भाऊ आजारी पडला तेव्हा घेतलेल्या पैशांसकट. ते पुन्हा कधी आले नाहीत. त्या वहीचे काय झाले, असे आई अजूनही विचारते. तुम्ही जे लिहाल ते होळीनंतर आमच्या गावात येऊन वाचून दाखवा, आणि एखादी बाई ‘हे असे नाही’ म्हणाली तर तेही लिहून घ्या.

गोदाकाठची_विद्यार्थिनी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जुन्या ३८ मुलाखती मी टाकून देत नाही, पण प्रत्येकीवर ‘मुकादम हजर’ अशी नोंद केली आहे आणि मजुरीचा आकडा त्यांतून वापरणार नाही. तोंडी संमतीबद्दल मार्गदर्शकांशी बोलले, त्यांची हरकत नाही. नवीन प्रश्नावलीत रोजच्या मजुरीच्या जागी एकर, माणसे, दिवस, खर्ची आणि शेवटी हातात आलेली रक्कम असे पाच रकाने केले आहेत, आणि कालच्या दिवसासाठी पहाटे चारपासूनचे वेगळे पान जोडले आहे.

बागा निवडण्यासाठी या वेळी रस्त्यापासून आत असलेल्या वस्त्यांची यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढल्या. पहिल्याच चिठ्ठीत मामांच्या शिवारातली वस्ती निघाली. त्यांच्या बागेवरची टोळी यादीत असल्याचे मी त्यांना सांगितले, आणि मुलाखतींच्या वेळी त्यांनी तिथे येऊ नये अशी विनंतीही केली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी जा, रविवारी मुकादम बाजाराला जातो.