‘बेइले’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मांचुरियातल्या जुर्चेन लोकांवर लिहिताना ‘बेइले’साठी मी ‘सरदार’ वापरलं, पण खटकतंय. ‘टोळीप्रमुख’ बरं का? आणि चीनच्या चिंग सम्राटांचं ‘आइसिन ग्योरो’ हे आडनाव की घराण्याचं नाव?

उत्तर : ‘सरदार’ नकोच. सरदारकी दरबार देतो, म्हणजे वर कुणीतरी धनी आला. बेइले (जुन्या जुर्चेनमध्ये ‘बोगिले’) हा मुळात आपल्याच माणसांचा धनी. वान्यान या जुर्चेन कुळाच्या वुगुनाईला ल्याओ दरबारानं (तेव्हा जुर्चेनांवर सत्ता असलेलं खितान लोकांचं राज्य) सेनापतिपद दिलं होतं, ते वेगळं. त्याचा नातू आगुदा १११३ साली ‘दु-बोगिले’ झाला, म्हणजे बोगिल्यांमधला थोरला. आदल्याच वर्षी ल्याओ सम्राटानं भर मेजवानीत नाचायला सांगितलं, तेव्हा बाकीचे प्रमुख नाचले, हा नाचला नाही. अशा माणसाला सरदार म्हणवत नाही. ‘टोळी’ला तर दरोड्याचा वास येतो. मी ‘कुळनायक’ म्हणेन.

आइसिन म्हणजे सोनं. ग्योरो हे कूळ, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हाला’. त्याखालच्या ‘मुकुन’ला आपला ‘भावकी’ शब्द चपखल बसतो.

आणखी एक उत्तर : ‘कुळनायक’ पटलं. मात्र ‘वंशपरंपरा’ जपून वापरा, वाचक बाप-लेक अशी शिडी डोळ्यांपुढे आणतो. वान्यानांत तसं नव्हतं. वुगुनाईनंतर मुलगा हेलिबो, मग हेलिबोचे भाऊ पोलाशु आणि यिंगे, मग हेलिबोचा थोरला वुयाशु, मग त्याचा भाऊ आगुदा. आगुदानं १११५ मध्ये जिन (म्हणजे पुन्हा सोनंच) राज्य स्थापलं, ११२३ मध्ये तो वारला आणि गादी धाकट्या भावाकडे, वुचिमाईकडे गेली. ‘नायकी घरात राहिली, भावाभावांत फिरली’ असं सरळ लिहावं.

प्रश्नकर्ता : म्हणजे १६१६ मध्ये ‘उत्तर जिन’ (म्हणजे नंतरचं जिन राज्य) स्थापणारा नुरहाची आगुदाचा वंशज नव्हे?

उत्तर : नव्हे. आगुदा वान्यान, नुरहाची आइसिन ग्योरो. तो आपलं मूळ १४३३ मध्ये मारल्या गेलेल्या म्योंगके तेमुर या जियानझोऊ जुर्चेनांच्या नायकापर्यंत नेत असे. राज्याचं नाव मात्र जुन्या वैभवाची आठवण म्हणून घेतलं. त्यामुळे ‘आगुदाच्या घराण्यातला’ हे शब्द खोडाच. १९१२ मध्ये नुरहाचीच्या वंशजांची चिंग राजवट संपल्यावर आइसिन ग्योरोंपैकी अनेकांनी ‘जिन’ हे चिनी आडनाव लावलं, तेही ‘आइसिन’चं भाषांतर म्हणून. वान्यानांशी त्याचा संबंध नाही.