शेवटचा चेंडू सतरा वर्षांच्या पोराकडेच का? (ड्यूक विद्यापीठाची बास्केटबॉल टीम, नोव्हेंबर २०२४, ४ विजय-२ हार)

निळी_टोपी
कॅन्सासची मॅच संपून तास झाला नव्हता, तोच इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका काकांनी आमच्या कोचवर आणि सतरा वर्षांच्या फ्लॅगवर फतवा काढला: 'शायरला कोचिंग जमत नाही. फ्लॅग म्हणजे नुसता गाजावाजा. या वर्षी मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेची वाट बघू नका.' तिथे उत्तर दिलं असतं तर थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकच्या यादीत वाहून गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

सहा मॅच, चार जिंकल्या. हरलो कोणाशी? अटलांटात केंटकीशी ७७-७२ आणि काल वेगासला कॅन्सासशी ७५-७२, ते तर देशात पहिल्या नंबरवर. दोन्ही मिळून आठ पॉइंट. मधे टूसॉनला जाऊन ॲरिझोनाला ६९-५५ असं त्यांच्याच घरात लोळवलं, तेव्हा काका झोपले होते वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. टीम चांगली आहे, मांडणी चुकतेय. प्रॉक्टर आणि फॉस्टर दोघेही गार्ड, म्हणजे चेंडू वर आणणारे, पहिल्या पाचात घ्यायचे आणि शेवटच्या मिनिटात दोघांना कोपऱ्यात उभं करून चेंडू फ्लॅगला द्यायचा. सहा फूट नऊ इंचांचा पोरगा ड्रिबल करत वर येतो. त्याचा ड्रिबल उंच, समोरचा गार्ड बुटका, तो खालून हात घालणारच. केंटकीविरुद्ध ७२-७२ असताना त्यांच्या ओवेने हेच केलं: चेंडू हिसकावला, फाउल मिळवला, दोन्ही फ्री थ्रो आत. चेंडू गमावल्याचा हा टर्नओव्हर पोराच्या नावावर लागला, पण चूक त्याला तिथे उभं करणाऱ्याची. सायन जेम्सला पहिल्या पाचात आणा. टुलेन विद्यापीठात चार वर्षं घासून आलेला गडी आहे, त्याच्या हातून चेंडू काढून घ्यायचा तर आधी तो खांदा बाजूला सारावा लागेल.

केरीचा_बाबा
अरे, पण ७२-७२ झालं कोणामुळे? त्या मॅचला फ्लॅगचे २६ पॉइंट आणि १२ रिबाउंड होते. तो नसता तर शेवटचं मिनिट आलंच नसतं. बाहेरून तीन पॉइंटचे शॉट, थ्री, फारसे पडत नव्हते, मग चेंडू काय जेम्सला द्यायचा? त्याला सोडून सगळे फ्लॅगवर धावले असते.

आणि आयझाया एव्हन्सबद्दल एक ओळ नाही? आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचा पोरगा, हातात थ्री आहे, आणि मोठ्या मॅचला बेंच तापवतोय. मांडणीवर बोलायचं तर यावर बोल.

निळी_टोपी
एव्हन्स डिफेन्स खेळायला लागला की बोलू. अंगावर मांस नाही त्याच्या.

लॉरेन्सची_ताई
मी कॅन्सासवाली, सकाळपासून हसतेय. आमच्या डिकिन्सनने तुमच्या मलिक ब्राउनच्या डोक्याला पाय मारला, पंचांनी हाकलला, बरोबरच केलं. साडेदहा मिनिटं बाकी होती आणि आमचा सेंटर बाहेर. तुमच्याकडे सात फूट दोन इंचांचा मालुआच उभा. आणि हरलात तुम्ही! यात शेवटचा चेंडू कोणाकडे होता याला काय अर्थ आहे? आमचा हॅरिस कॉलेजात सहाव्या वर्षी खेळतोय, २०२२ चं विजेतेपद त्याच्या खिशात आहे. तुमच्याकडे ज्यांना सहा मॅचचा अनुभव आहे ते चेंडू सांभाळतात.

निळी_टोपी
ताई, हे मात्र खरं आहे. चडफडत मान्य करतोय, थँक्सगिव्हिंग आहे म्हणून. म्हणूनच मी एप्रिलपासून कंठशोष करतोय की जेरेमी रोचला बेलर विद्यापीठात जाऊ द्यायला नको होतं. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे टीम बदलायच्या यादीतून, सात जण गेले, त्यातला हा एक तरी अडवायचा. चार वर्षं याच कोर्टवर खेळलेला गार्ड दुसऱ्याच्या घरी, आणि आम्ही पर्ड्यूचा गिलिस, सिराक्यूजचा ब्राउन गोळा करत बसलो.

आकाशी_निळा
चॅपल हिलहून, म्हणजे तुमच्या शेजारच्या शत्रूकडून, नमस्कार. रोच म्हणजे तोच ना, २०२२ ला न्यू ऑर्लिन्सला ८१-७७ हरताना होता तो? असेच अनुभवी जमवा. शुभेच्छा.

केरीचा_बाबा
हवाईतल्या माऊईच्या स्पर्धेहून परत आलात का? मिशिगन स्टेटने ओव्हरटाइममध्ये ९४-९१ धुतलं म्हणे. आणि त्याच्या आदल्या दिवशी ऑबर्नने. आधी अंग पुसा.

पुण्याचा_पिव्होट
मी पहाटे उठून बघतो म्हणून बोलायचा हक्क आहे. वर सगळे 'सतरा वर्षांचा, सतरा वर्षांचा' करताय. हो, फ्लॅग २१ डिसेंबरला अठराचा होईल, शाळा एक वर्ष लवकर संपवून आलाय. पण तो मालुआच? दक्षिण सुदानचा, युगांडात वाढलेला, सतराव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिक खेळून आला. सतराव्या वर्षी चेंडू द्यायचा नाही तर कधी? आपल्याकडे पंधराव्या वर्षी काढून घेतात, म्हणून ही अवस्था आहे. पोरांना शिकवतोय मी. नववीपर्यंत बावीस पोरं येतात, दहावीचा क्लास लागला की चार उरतात. त्यातली दोन वाढीव गुणांच्या अर्जावर माझी सही हवी म्हणून. गेल्या वर्षी एक मुलगी होती, पाच फूट अकरा. डावा हात उजव्यासारखा चालायचा. आई म्हणाली, 'सर, आता बास, नीटचं वर्ष आहे.' अकरावी सुरू व्हायची होती हो!

केरीचा_बाबा
सर, आदर आहे, पण हा धागा ड्यूकचा आहे.

मॉरिसव्हिलची_मीना
राहू द्या ड्यूक. सर, त्या मुलीच्या जागी मी होते, फक्त वीस वर्षं आधी आणि सांगलीत. जिल्ह्याकडून खेळले. बारावीला बाबांनी बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले, वर गादी ठेवली. इंजिनिअर झाले, इथे आले, पोटाला कमी नाही. बाबांवर राग नाही, पण अजून कोणाच्या बुटांचा फरशीवर कर्रकन आवाज आला की मान वळते. आता माझी लेक आठवीत खेळते, तर आमच्याच मंडळातल्या बायका विचारतात, 'मॅथ ऑलिंपियाडचं काय केलंस?' सात समुद्र ओलांडून तेच.

केरीचा_बाबा
मीनाताई, इथे शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीमची फी भरून बघा, मग कळेल आम्ही का विचारतो. दर शनिवार-रविवार शार्लट नाहीतर रिचमंड, हॉटेल, पेट्रोल. आणि इतकं करून पोरगं पाच फूट सहा! स्वप्नं विकतात हे लोक. भारतात निदान क्लास तरी स्वस्त आहेत.

पुण्याचा_पिव्होट
स्वस्त? कोणत्या वर्षी सोडलंत पुणे? इथे अकरावी-बारावीच्या क्लासला जे पैसे मोजतात त्यात आमच्या कोर्टला नवीन बोर्ड, रिंग आणि दिवे येतील. तिथे बसून इथले भाव सांगू नका.

केरीचा_बाबा
आणि तुम्ही इथल्या आई-बापांना उपदेश करू नका. बेसमेंट तुंबलं की कोणी धावत येत नाही आमच्याकडे.

लॉरेन्सची_ताई
बेसमेंट कुठून आलं मधेच? 😄

मॉरिसव्हिलची_मीना
उंचीचं ऐकून ऐकून कान किटले. मी पाच चार होते आणि पॉइंट गार्ड होते. हॅरिस तरी कुठे ताडमाड आहे? पोरगं बुटकं म्हणून खेळायचं नाही, पोरगी उंच म्हणून नीट द्यायची. ठरवा काय ते!

निळी_टोपी
मंडळी, माझ्या धाग्याचं पालक-शिक्षक सभेत रूपांतर केल्याबद्दल आभार. फॉस्टरला बसवायचं की नाही?

पुण्याचा_पिव्होट
बसवा. प्रॉक्टरला मोकळा सोडा. आणि फ्लॅगला चेंडू द्यायचाच, पण वरून आणायला लावू नका. एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाला, उभा करा, पाठ बास्केटकडे, तिथे पास द्या. एक ड्रिबल, फार तर दोन. बुटका गार्ड खालून हात घालेपर्यंत चेंडू डोक्यावर गेलेला असतो. हे मी चौदा वर्षांच्या पोरांना शिकवतो, शायरला कोणीतरी कळवा.

केरीचा_बाबा
हे पटलं. फीचं नाही पटलं.

केरीचा_बाबा (५ डिसेंबर २०२४)
धागा वर काढतोय. दुसऱ्या नंबरच्या ऑबर्नला आपल्याच घरात, कॅमेरॉनमध्ये, ८४-७८ हरवलं. आयझाया एव्हन्स: सहा थ्री, अठरा पॉइंट, सगळे पहिल्या हाफमध्ये. 'अंगावर मांस नाही' कोण म्हणालं होतं? चाळतोय.

निळी_टोपी
मांस अजूनही नाही. फ्लॅगचे २२ आणि ११ रिबाउंड नसते तर तुझ्या सहा थ्रीचं लोणचं घातलं असतं. बरं, खेळवा त्याला. दहा मिनिटं. डिफेन्स चुकला की मी परत येईन.

आकाशी_निळा
एक मॅच जिंकली की लगेच बँड.

लॉरेन्सची_ताई
आकाशी दादा, अलाबामाने काल तुमच्याच घरात, चॅपल हिलला, ९४-७९ केलं ना? बँड नसेल तर निदान दिवा तरी लावा.

मॉरिसव्हिलची_मीना
रविवारी ड्यूकची लुईव्हिलशी मॅच आहे. आमच्याकडे या सगळे, लेकीची मॅच सकाळी आहे, तिथून थेट. केरीचे बाबा, तुम्ही पण. ट्रॅव्हल टीमच्या फीचा विषय काढला तर जेवण नाही.