घरातले आवाज : कॅसेटवरून संगणकावर (अनुभव धागा)

आईच्या लोखंडी कपाटात बुटाच्या खोक्यात सत्तावीस कॅसेट निघाल्या. वीसेक विकतच्या, नाट्यगीतं आणि भावगीतं. त्या आज कुठेही ऐकायला मिळतात. पण एकीवर निळ्या शाईत नुसतं ‘आजी, दळण’ लिहिलेलं. १९८६ साली मामानं टू-इन-वन (रेडिओ-टेपरेकॉर्डर) जात्याजवळ ठेवून आजीला ओव्या म्हणायला लावल्या होत्या. आजी जाऊन तीस वर्षं झाली. तिचा आवाज उरलाय तो फक्त त्या पावणेचार मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर, हे कळल्यावर मी ती कॅसेट आठवडाभर वाजवायलाच धजले नाही. आधी एका जुन्या गाण्यांच्या कॅसेटवर सगळं करून पाहिलं.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसली तर आवाज फाटला, शिवाय एकाच कानात आला. मग लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घ्यायचं भोक) असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड आणलं आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं बसावंच लागतं. दुसरी बाजू कोरी होती, म्हणून पाच मिनिटांत बंद केली.

मग खरखर काढायला गेले. खरखरीबरोबर जात्याची घरघरही निघून गेली आणि ओवी पार लंगडी झाली, कारण ती त्या घरघरीवरच तर पेललेली असते. मूळ वेव्ह फाइल (न दाबलेला, पूर्ण आवाज) जपली होती म्हणून वाचले. आता ती तशीच ठेवली आहे, नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपी३ केली.

तुम्ही काय उतरवलंत, कसं, कुठे अडलात? घरी भरलेल्या कॅसेट असतील तर आधी त्यांचं सांगा.

*

रत्नागिरी

आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल. कॅसेटच्या खिडकीतून पट्टीवर पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट चुकूनही थेट वाजवू नका, बुरशी हेडला (यंत्रातला पट्टी वाचणारा भाग) लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. मी अंगणात, नाकाला रुमाल बांधून, पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. पट्टी कोरड्या मऊ कापडातून हळूहळू एकदा इकडून तिकडे फिरवली आणि दोन्ही चकत्या एका चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवल्या. जुन्यातलं फेल्टचं गादीसारखं तुकडं गळून पडलं होतं. ते नसेल तर पट्टी हेडला टेकत नाही आणि आवाज येत-जात राहतो.

कॅसेट काकाची. तो कुवेतला होता आणि आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्र बोलून पाठवायचा. एका बाजूला त्याचं पत्र, दुसऱ्या बाजूला आमचं उत्तर, तीच कॅसेट गावच्या कुणाबरोबर परत. प्रत्येक नवं पत्र जुन्यावर भरलं जायचं, त्यामुळे हाती आलं ते शेवटचंच. निदान मी तसं समजलो होतो. काकाचं बोलणं संपलं, थोडी शांतता गेली आणि अचानक आधीच्या पत्राचं शेपूट लागलं: पैसे मिळाले का, वाशे बदलून घ्या, धाकटीला शाळेत घाला. ती धाकटी म्हणजे माझी आत्या. तेव्हा ताई, शांतता आली तरी बाजू संपेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. ‘कोरी’ बाजू पुन्हा ऐका.

*

नागपूर

आवाज दबका, पांघरुणाखालून आल्यासारखा वाटत असेल तर कॅसेटला दोष देण्याआधी दोन गोष्टी पाहा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडी तपकिरी निघेल. तरी सुधारलं नाही तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू, त्यानं हेडचा तिरपेपणा (एझिमथ) बदलतो. घरी भरलेली कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा तिरपेपणा घेऊन आलेली असते. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा-थोडा हलवा, स-श उजळ ऐकू आले की थांबा. पेचकस लोहचुंबक लागलेला नको. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. कंटाळा येतो, पण फरक इतका पडतो की वडिलांचं ‘शंभर’ मला पहिल्यांदा ‘शंभर’ असं ऐकू आलं.

*

मिरज

आमच्या भजनी मंडळाची १९८१ची कॅसेट. उतरवल्यावर बाबांचा आवाज जाड आणि संथ वाटला. वाटलं, आठवणच चुकीची असेल. यंत्राचा बेल्ट सैल झाला होता. नवा घातला तरी जरा मंदच. कुणीतरी सुचवलं, रेकॉर्डिंगमध्ये विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असते, तिच्यावरून वेग काढा. पण त्या काळी विजेची वारंवारताच खालीवर व्हायची, तेवढ्यावर विसंबता येईना. शेवटी माळ्यावरची पेटी काढली. तीच पेटी, जी कॅसेटमध्ये वाजते. बाबा काळी दोनमध्ये गायचे. कॅसेट त्या सुराला भिडेपर्यंत ऑडॅसिटीत वेग वाढवत नेला. सव्वातीन टक्क्यांना जुळली. तेव्हा बाबा आले.

*

पुणे

मला वेळ नव्हता म्हणून चौदा कॅसेट एका व्यावसायिकाला दिल्या. परत आल्या त्या हलक्या दर्जाच्या एमपी३ फाइल, मधल्या शांतता कापलेल्या, दोन्ही बाजू जोडलेल्या. एका कॅसेटची पट्टी तुटली होती ती सेलोटेपनं चिकटवलेली. त्याचा गोंद सुटतो आणि हेडला चिकटतो, जोडायची वेगळी पट्टी मिळते. बाहेर देणार असाल तर न कापलेली वेव्ह फाइल आधीच मागा.

ओव्यांबद्दल एक: गी पॉईतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या कामातून गावोगावच्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमल्या, त्यांतल्या अनेक आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत. आजींचे जे शब्द नीट लागत नाहीत ते तिथे ताडून पाहा.

*

धागा काढणारी, पुन्हा

रत्नागिरीकर दादा, काल रात्री दुसरी बाजू पूर्ण चालवली. बावीस मिनिटं नुसती खरखर. मग बटण दाबल्याचा खट्ट आवाज आणि मामा: “आई, म्हण ना आता, चालू आहे.”

आणि आजी, अगदी जवळून: “थांब रे, आधी पीठ भरून घेऊ दे.”