इटलीहून आलेली युद्धकाळातली पत्रं आणि काचेला चिकटलेला फोटो: कसं जपावं?

माणदेशी_सून
नमस्कार मंडळी. म्हसवडजवळच्या आमच्या गावातलं जुनं घर उतरवायला काढलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या आजेसासऱ्यांच्या धाकट्या भावाची पत्रं निघाली. घरात त्यांना सगळे 'पलटणीतले तात्या' म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, १९४३ साली इटलीत गेले, परत आले नाहीत.

पत्रांत लढाईचं अक्षर नाही. बैलाची पेंड बंद करू नका, मनीऑर्डर पोचली का, बांधावरून भावकीशी तंटा करू नका, थोरलीला शाळेत घाला, हेच. एकात तेवढं लिहिलंय, 'हिकडं चिखल लई, पेरणीच्या रानावानी पाय रुततो.' सोबत एक फोटो आहे. रंगवलेल्या पडद्यापुढं पाचजण वर्दीत उभे. डावीकडून दुसरे आमचे तात्या, बाकीचे कोण ते घरात कुणाला ठाऊक नाही. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय.

दीर म्हणतात लॅमिनेशन करून टाकू. चुलत घरचे म्हणतात पत्रं वाटून घेऊ. शाळेला २६ जानेवारीच्या प्रदर्शनाला अस्सल पत्रं हवीत. आणि सासूबाई म्हणतात, बांधाच्या भानगडीचं पत्र चव्हाट्यावर न्यायचं नाही. मी कुणाचं ऐकू?

कागदवाला
दिरांना आधी थांबवा. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचं धरतं, नंतर सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. टाचण्या गंजल्या असतील तर अलगद काढा.

पत्रं पेन्सिलीनं लिहिलेली दिसली तरी ओलं फडकं लावू नका. त्या काळी कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. कोरडी असते तोवर करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. मग वाचायला काही उरत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा. पत्रं मात्र स्कॅनरवर, ६०० डीपीआय, टिफ फाईल, पाठपोट दोन्ही बाजू. पाकिटंसुद्धा. शाळेला चांगल्या रंगीत प्रती द्या, मुलांना फरक कळत नाही आणि अस्सल पत्रं उन्हात लटकत नाहीत.

टपालवेडा
पाकिटं फेकली नाहीत ना? लोक पत्र ठेवतात आणि पाकीट चुलीत घालतात, तिथं माझा जीव जातो. सेन्सॉरमुळं शिपायाला ठिकाण लिहिता येत नसे, म्हणून पत्रात गावाचं नाव सापडणार नाही. पण पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या टपाल कचेरीचा, गोल शिक्का असतो, त्यात नंबर आणि तारीख. कुठला नंबर कधी कुठं होता याच्या याद्या टपालसंग्राहकांकडे आहेत. त्यावरून निदान पट्टा तरी कळतो.

चिखलाचं वाक्य १९४३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं असेल तर इटलीतल्या सांग्रो नदीचा भाग आठवतो. मराठ्यांची पहिली बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर तिथं होती. तात्या तिच्यातच होते असं मी म्हणत नाही, तिसरी बटालियनही पुढं इटलीत लढली. यशवंत घाडगे तिच्यातलेच, १० जुलै १९४४ ला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक. त्यांचं थडगं नाही, इटलीतल्या कासिनो मेमोरियल या युद्धस्मारकावर नाव आहे.

तात्यांचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर शोधा. इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा. पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि 'सातारा' असंही दिलेलं असतं, गावाचं नाव मात्र ओळखू येणार नाही इतकं मोडलेलं.

आबा_कोरेगावकर
स्कॅनर पळून जात नाही हो. आधी ते उरलेले चौघे कोण ते विचारा. फोटोची मोठी प्रत काढा आणि गावातल्या नव्वदीच्या म्हाताऱ्यांकडे जा. म्हाताऱ्यांकडे म्हणजे बायकांकडे. पुरुष पलटणीचं नाव सांगतात, बायका कान, दात, उभं राहायची ढब बघून माणूस ओळखतात. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये दुरुस्ती करू नका.

दुसरं, पत्रांचं अक्षर बघा. लिहिता येणारा एखादाच असे, तो सगळ्यांची पत्रं लिहायचा. गावात दुसऱ्या घरी त्याच अक्षरातली पत्रं निघाली तर दोघं एका तुकडीत होते हे जवळजवळ नक्की.

वाटणी अजिबात नको. पत्रांचा क्रम हाच खरा ऐवज. ज्याला हवं त्याला प्रतींचा संच द्या. बांधाचं पत्र सासूबाई म्हणतात तसं प्रदर्शनातून वगळा, पण जाळू देऊ नका. त्यातले वारस अजून त्याच बांधावर नांदतात, हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

माणदेशी_सून
सगळ्यांचे आभार. दिरांना समजावलं. चुलत घरचे प्रतींवर राजी आहेत, फक्त ट्रंक त्यांना हवीय, ती नेऊ देत. आबा, वेशीजवळच्या आजींना फोटो दाखवला. कडेच्याला बघताच म्हणाल्या, "ह्यो माझा मामा, ह्याचं बी टपाल हाय घरात." उद्या अक्षर जुळवून बघते.

टपालवेडा, पाकिटं आहेत. एकावर शिक्का अर्धाच उमटलाय, तारीख दिसते पण नंबराचा शेवटचा आकडा १ आहे की ७ ते कळत नाही. फोटो टाकू का?

टपालवेडा
टाका. दोन्ही नंबर तपासतो, तारखेला जो इटलीत नसेल तो गळेल.