अल्बम गाइडमधले स्टार पाहून गाणी ऐकायची का?

खापरी_लोकल:
राजेहो एक शंका आहे, हसू नका. आपल्या नागपूरच्या बर्डीवर फुटपाथवर जुनी पुस्तकं लावतात ना, तिथून मी रोलिंग स्टोन या संगीत मासिकवाल्यांचं जाडजूड अल्बम गाइड उचललं, 1992 ची आवृत्ती आहे, पानं पिवळी पडली पण सगळी शाबूत आहेत. रॉकपासून ब्लूजपर्यंत ढीगभर अल्बम, प्रत्येकाला एक ते पाच स्टार आणि सोबत थोडंफार लिहिलेलं. माझं ऑफिस मिहानला, मेट्रोत जाता-येता अर्धा-अर्धा अल्बम होऊन जाते, म्हणून म्हटलं चला पाच स्टारवाले एकेक करून निपटवून टाकू.

पण होऊन काय राहिलं की पाच स्टारवाल्यांतले काही ऐकताना मला सरळ झोप येऊन राहिली, आणि ज्या बँडवर माझं अख्खं कॉलेज गेलं त्याला यांनी दोन स्टार आणि दोन ओळी देऊन बाजूला टाकलं. नेटवर पाहायला गेलो तर पिचफोर्क नावाच्या संगीत परीक्षणाच्या साइटवाले 0.0 पासून 10.0 पर्यंत मार्क देतात, पॉइंटसकट! 7.8 आणि 7.9 मध्ये काय फरक असते ते कोणीतरी मला समजावून सांगा बाप्पा. गाण्याला मार्क देणारे हे लोक कोण, यांच्या भरवशावर आपला वेळ घालवायचा का नाही? माझा दोस्त म्हणते समीक्षक म्हणजे ज्याला वाजवता आलं नाही तो. मला ते काही पटत नाही, पण त्याला उत्तर द्यायलाही सुचून नाही राहिलं.

डिस्टॉर्शन_दादा:
भाऊ, बँडचं नाव सांगितलं नाही तुम्ही, पण मेटल असेल तर दोन स्टार मिळाले हेच पुष्कळ समजा. या मासिकाचा इतिहासच तसा आहे. 1969 मध्ये लेड झेपलिनचा पहिला अल्बम आला, जॉन मेंडेलसनने रोलिंग स्टोनमध्ये त्याला पार झोपवला. पुढच्या वर्षी ब्लॅक सबाथचा पहिला आला, त्याची धुलाई लेस्टर बँग्जने केली. आता गंमत पाहा, 2003 मध्ये याच मासिकाने सर्वकाळच्या उत्तम 500 अल्बमची यादी काढली तर झेपलिनचा तोच अल्बम पहिल्या तिसात जाऊन बसला! आणि 2017 मध्ये मेटलच्या 100 अल्बमची यादी काढली तर एक नंबरवर कोण, सबाथचा पॅरानॉइड.

त्या 500 च्या यादीचंच घ्या, 2003 ला बीटल्सचा सार्जंट पेपर पहिला होता, 2020 मध्ये नव्याने मतदान घेतलं तर तो 24 वर घसरला आणि मार्विन गेचा व्हॉट्स गोइंग ऑन पहिला आला. तुमच्या त्या पॉइंटवाल्या पिचफोर्कने तर 2021 मध्ये स्वतःच जुने मार्क खोडले, डॅफ्ट पंकच्या डिस्कव्हरीला 2001 ला 6.4 दिले होते ते एकदम 10 केले, लिझ फेअरच्या 2003 च्या अल्बमला चक्क 0.0 दिला होता त्याचे 6.0 झाले. मधल्या काळात रेकॉर्डवर काहीच बदललं नाही, बदलली ती मार्क देणाऱ्यांची पिढी. मग मी कोणत्या सालच्या मार्कावर भरवसा ठेवू? मी तर कव्हर पाहून ऐकतो, माझं काही अडलं नाही.

कॅसेट_काका:
दादा तुम्ही हिशोब बरोबर मांडला पण बेरीज उलटी केली. मार्क बदलले म्हणजे कोणीतरी परत ऐकलं, ही तर चांगलीच गोष्ट झाली की. आणि बँग्जचा तो रिव्ह्यू तुम्ही-आम्ही अजून नावानिशी काढतो, म्हणजे त्या लिखाणात काही दम असेलच ना.

खापरी_लोकल, हे स्टार कुठून आले ते आधी लक्षात घ्या. रॉबर्ट क्रिस्टगाऊ म्हणून एक समीक्षक आहे, तो 1969 पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइसमध्ये कन्झ्युमर गाइड नावाचं सदर लिहायचा, चार-पाच ओळींची नोंद आणि पुढे शाळेसारखी ग्रेड, ए प्लस पासून ई मायनस पर्यंत. ते सदर कोणासाठी, तर ज्याच्या खिशात एकाच रेकॉर्डचे पैसे आहेत आणि दुकानात समोर दहा रेकॉर्डी आहेत त्याच्यासाठी. आमच्या तरुणपणी इथेही तेच होतं, एलपी घ्यायची म्हणजे महिनाभर खिसा रिकामा, आणि दुकानदार काही पूर्ण वाजवून दाखवायचा नाही, फार तर एका बाजूचा सुरुवातीचा तुकडा, मग घरी येऊन कळायचं की चांगलं गाणं तेवढंच होतं. तेव्हा कोणी वर्तमानपत्रात "ही नका घेऊ" असं लिहिलं तर त्याचे उपकार वाटायचे.

आता तुमच्या मोबाइलवर सगळंच पडून आहे, पैसे जायची भीतीच नाही. म्हणून मी म्हणतो दोन बँडची तुलना करायला स्टार वापरूच नका. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने सावजीच्या रश्श्याला दोन स्टार दिले तर त्यातून रश्श्याबद्दल कमी आणि पाहुण्याबद्दल जास्त कळते, तसं आहे ते. पण एकाच कलाकाराचे वीस-पंचवीस अल्बम असले आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसलं, तिथे हे गाइड सोन्यासारखं आहे. बॉब डिलन घ्या, माइल्स डेव्हिस घ्या, चुकीच्या टोकाकडून सुरू केलं तर माणूस परत त्या वाटेला जात नाही. एकाच माणसाच्या कामात डावं-उजवं ठरवणं समीक्षकाला बऱ्यापैकी जमते, कारण त्याने ते सगळं ओळीने ऐकलेलं असते, आपण कुठे ऐकतो.

पोट्टा_नंबर_वन:
काका एवढं कायले पाहिजे, स्पॉटिफाय स्वतःच सांगते पुढचं काय ऐकायचं. पुस्तक कोण उघडते बे आता

मंद्र_सप्तक:
पोट्ट्या, तुझं ॲप तू जे ऐकतो त्याच्याच भावकीतलं तुला देते. मी महिनाभर यमन राग ऐकला तर मला जन्मभर यमनच मिळेल असं दिसते.

मी शास्त्रीय ऐकणारी आहे, रॉकमधलं मला फार कळत नाही, पण भरवशाचा विषय निघाला म्हणून जॉयस हॅटोचं प्रकरण सांगते. इंग्लंडची पियानोवादक. म्हातारपणी, आजारी असताना, नवऱ्याच्या छोट्याशा कंपनीतून तिच्या नावाच्या शंभराहून जास्त सीड्या निघाल्या, बहुतेक सगळं अवघडातलं अवघड संगीत, आणि काही समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, एवढी मोठी वादक इतकी वर्षं आपल्याला माहीतच कशी नव्हती वगैरे. 2006 मध्ये ती वारली. 2007 मध्ये एका श्रोत्याने तिची लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली तर आयट्यून्स या गाणी वाजवायच्या प्रोग्रामने वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमॉन. मग ग्रामोफोन मासिकाने तज्ज्ञाकडून तपासून घेतलं तर खरंच दुसऱ्यांची रेकॉर्डिंग उचलून, कुठे वेग थोडा इकडेतिकडे करून, तिच्या नावावर खपवलेली निघाली. नवऱ्याने नंतर कबूलही केलं.

आता यात लोक म्हणतात समीक्षक उघडे पडले. मला तसं नाही वाटत. वाजवलेलं तर चांगलंच होतं, कारण मुळात ते चांगल्याच वादकांचं होतं, आणि त्यांनी चांगलं म्हटलं. कान ठीक होते. फसले ते तिच्या गोष्टीला. झाकलेलं माणिक, दुर्धर आजार, इतक्या वर्षांनी न्याय, हे सगळं ऐकल्यावर तीच वाजवणी जास्त गोड लागायला लागली, आणि मूळ वादकांच्या त्याच रेकॉर्डिंगांचा एवढा गवगवा कधी झालाच नव्हता. म्हणून मी परीक्षण वाचताना पाहते की यात सुराबद्दल, लयीबद्दल, मांडणीबद्दल किती लिहिलं आणि कलाकाराच्या हालअपेष्टांबद्दल किती. दुसरंच जास्त असलं तर पान उलटवते.

आपल्या हिंदुस्थानी संगीतात तर घराघरात पोचलेलं स्टारवालं गाइड मी पाहिलेलंच नाही, आणि मला त्याची हळहळही नाही. आपल्याकडे जुन्या 78 फेऱ्यांच्या तव्यावर, म्हणजे रेकॉर्डवर, तीन-साडेतीन मिनिटांत राग संपवावा लागायचा, एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं, आणि तोच गवई देशपांडे सभागृहात रंगला तर दीड तास एक राग गातो. यातल्या कशाला स्टार देणार? तरी एक जाणकार काय करू शकतो त्याचंही उदाहरण आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर अंतराळात जी सोन्याची रेकॉर्ड पाठवली तिच्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन नावाच्या एका संगीत अभ्यासकाने. केसरबाईंची ती मूळ रेकॉर्ड सहज मिळेनासुद्धा, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीयाच्या दुकानात सापडली. तिथे विक्रीचे आकडे पाहून निवडलं असतं तर केसरबाई यानावर गेल्या असत्या का, तुम्हीच सांगा.

माजी_पुरवणी:
मी काही वर्षं नागपुरातल्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत सीडी परीक्षणं लिहिली, नाव सांगत नाही. आतली पद्धत सांगतो म्हणजे स्टार कसे पडतात ते कळेल. कंपनीकडून सीडी फुकट यायच्या, गठ्ठ्याने. संपादकाला संध्याकाळपर्यंत दीडशे शब्द पाहिजेत. एकदा नीट ऐकणार, दुसऱ्यांदा लिहिता लिहिता. शब्द कमी असल्यामुळे मत ठोस दिसायला पाहिजे, "अजून कळलं नाही, परत ऐकावं लागेल" असं छापता येत नाही. स्टार तर शेवटी, पानाची मांडणी करणारा ओरडायचा "अरे स्टार किती टाकू?" तेव्हा. चांगला वाटला तरी चार, बरा वाटला तरी तीन, आणि दोन दिले तर पुढचा गठ्ठा येईल का नाही ही धाकधूक. पैसे खाऊन लिहिणारा माझ्या पाहण्यात नाही, घाईने लिहिणारे सगळेच होतो.

पण पुस्तकरूपी गाइडचं गणित वेगळं असते, ते मागाहून, सगळं समोर ठेवून लिहिलेलं असते. तुमच्या हातातल्या 1992 च्या आवृत्तीत बहुतेक मजकूर चौघांचा आहे, मार्क कोलमन, जे. डी. कन्सिडाइन, पॉल इव्हान्स, डेव्हिड मॅकगी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी आद्याक्षरं पाहा. म्हणजे ते एक गाइड नाही, चार माणसं आहेत, आणि स्टारची पट्टी चौघांची सारखी असायचं काही कारण नाही. तुमच्या चांगल्या ओळखीचे दहा-बारा अल्बम काढा, त्यांच्या नोंदी वाचा, आणि कोणाचं तुमच्याशी जुळते ते शोधा. एखादा ठरवून दरवेळी तुमच्या उलट निघाला तर तोही कामाचाच, त्याने नावं ठेवली की बिनधास्त ऐकायचं.

डिस्टॉर्शन_दादा:
पुरवणीभाऊ हे आद्याक्षराचं आवडलं. पण यात मेहनत ऐकण्यापेक्षा जास्त होऊन राहिली ना? दहा-बारा नोंदी वाचेपर्यंत माझे दोन अल्बम ऐकून होतात.

माजी_पुरवणी:
होतात. मग कव्हर पाहूनच ऐका, त्यातही वाईट काही नाही. फक्त ब्लूजसारख्या दालनात कव्हर काही सांगत नाही हो, तिथे शंभर संकलनं, त्याच त्या गाण्यांची, कुठे मूळ रेकॉर्डिंग तर कुठे म्हातारपणी परत गाऊन घेतलेलं. तिथे कोणीतरी "हे घे, ते नको" सांगणारा लागतोच.

खापरी_लोकल:
सगळ्यांना धन्यवाद राजेहो. काल रात्री आद्याक्षरं पाहत बसलो. माझ्या बँडला दोन स्टार देणारा आणि मला झोप आणणाऱ्या दोन अल्बमला पाच देणारा एकच माणूस निघाला! आता त्याने एक-दोन स्टार दिलेल्यांची वेगळी यादी करून राहिलो, सोमवारपासून तेच ऐकणार.

मंद्र_सप्तक ताई, केसरबाईंचं ते ऐकलं, एअरपोर्ट स्टेशन येईपर्यंत संपलंसुद्धा. त्यांचं पुढे काय ऐकू? स्टार नका देऊ, नुसतं सांगा.

मंद्र_सप्तक:
त्यांचा ललत राग ऐका, पण मेट्रोत नको, सकाळी घरी.

पोट्टा_नंबर_वन:
दादा तो बँड कोणता ते तर सांगा आता